दुर्लक्षित रस्त्याचा नवा आराखडा: बस, सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शहरातल्या एखाद्या रस्त्याची फेरमांडणी करायची म्हटलं की तेच तेच प्रश्न पुढे येतात, आणि ते येणं बरोबरच आहे. खाली त्यांची उत्तरं दिली आहेत, काही सविस्तर तर काही दोन ओळींत. वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात असं धरून लिहिलं आहे. जिथे ती उजवीकडून चालतात तिथे डावं-उजवं उलटं करून वाचावं.

रस्ता ‘दुर्लक्षित’ आहे हे ओळखायचं कसं?

खड्डे मोजून तर नाहीच. डांबराचा नवा थर दिलेला, गुळगुळीत रस्तासुद्धा पुरता दुर्लक्षित असू शकतो. कडेला बघा. फूटपाथ जिथे संपतो तिथून पुढे मातीत पायवाट पडली असेल, तर माणसं रोज चालतायत आणि आराखड्याने त्यांना धरलेलंच नाही. दुभाजकाची जाळी एका जागी वाकवून माणूस जाईल एवढी फट केलेली असते. ती फट बुजवायच्या आधी तिथे थोडा वेळ उभं राहावं. बहुतेक वेळा समोरासमोर शाळा आणि बसथांबा असं काहीतरी असतं, आणि जवळचं क्रॉसिंग पार दूर. बसथांब्याची शेड एकीकडे आणि बस प्रत्यक्ष थांबते दुसरीकडे, हीसुद्धा तशीच खूण.

आणखी एक गोष्ट चटकन दिसत नाही. अशा रस्त्याची रुंदी एकसारखी नसते. कुठे चार लेन मावतात, पुढे पुलाजवळ दोनच, परत तीन. पण रस्ता किती वाहनं पुढे सोडणार हे त्याची सगळ्यात अरुंद जागा किंवा सगळ्यात बिकट चौक ठरवतो. मधल्या भागातली जास्तीची रुंदी वाहतुकीच्या कामाची नसते. तिथे गाड्या उभ्या राहतात, राडारोडा साठतो, नाहीतर वाहनं उगाच वेग घेऊन पुढच्या चौकात ब्रेक दाबतात. नव्या आराखड्याला लागणारी बरीचशी जागा इथेच सापडते.

रस्ताच रुंद केला तर प्रश्न मिटणार नाही का?

थोडे दिवस मिटतो. गर्दीच्या वेळी मोठ्या रस्त्यावरची वाढीव जागा लवकरच भरून जाते, हे अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं. गर्दी टाळण्यासाठी ज्यांनी वेळ, वाट किंवा वाहन बदललेलं असतं ते सगळे रस्ता मोकळा दिसताच परत येतात. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गांची लांबी जेवढ्या टक्क्यांनी वाढली, जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी त्यावरचा वाहनप्रवासही वाढलेला होता. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला गेला. कडेचे सेवारस्ते धरले तर काही ठिकाणी तिथे २६ लेन आहेत. कोंडी काही वर्षांत परत आली.

मग लेन कमी केल्यावर ती वाहनं जातील कुठे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नळातून येणारं पाणी एकीकडे अडवलं की दुसरीकडे तेवढंच फुटणार, असं आपण गृहीत धरतो. वाहतूक मात्र माणसांच्या निर्णयांची बनलेली असते, आणि निर्णय बदलतात. केर्न्स, ॲटकिन्स आणि गुडविन या संशोधकांनी २००२ मध्ये ११ देशांतली सत्तरहून अधिक उदाहरणं एकत्र तपासली, जिथे गाड्यांची जागा काढून घेतली होती. आजूबाजूचे रस्ते धरूनसुद्धा निम्म्या ठिकाणी वाहतूक सुमारे ११ टक्क्यांहून जास्त घटलेली होती. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २००३ मध्ये चंगेचॉन नाल्यावरचा उन्नत महामार्ग पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तो नाला लोकांसाठी खुला केला. शहर ठप्प होईल हे भाकीत खरं ठरलं नाही. अर्थात तिथे बससेवेची फेररचना २००४ मध्येच झाली होती, हे विसरून चालणार नाही. नुसतं पाडून भागत नाही.

गणिताच्या अंगाने बघायचं तर जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की रस्त्यांच्या जाळ्यात एक जोडरस्ता वाढवल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. म्हणजे एखादा रस्ता बंद केल्याने प्रवासाचा वेळ कमी होणंही शक्य आहे. हे दर वेळी होतं असं मात्र नाही, आणि सभेत हे वाक्य फेकून वाद जिंकायचा प्रयत्न करू नये.

खरा धोका आहे गल्लीबोळांचा. मुख्य रस्ता अडला की वाहनं मागच्या गल्ल्यांतून वाट काढतात, आणि मग गल्लीतले लोक प्रकल्पाच्या विरोधात उभे राहतात. त्यांचं चुकतही नाही. म्हणून मुख्य रस्त्याच्या आराखड्यासोबतच गल्ल्यांची तोंडं, एकेरी दिशा आणि आरपार जाणं बंद करणारे अडथळे ठरवायला हवेत. हे ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणून सोडलेले प्रकल्प मला अर्धवट वाटतात.

चार लेनच्या दोन केल्या तर किती वाहनं झेपतात?

अमेरिकेत दुभाजक नसलेल्या चार लेनच्या रस्त्याचं रूपांतर दोन सरळ लेन आणि मध्ये वळण्यासाठी एक सामायिक लेन असं करण्याची पद्धत रुळली आहे. दिवसाला साधारण २०,००० वाहनांपर्यंत ही रचना चालते असं तिथल्या महामार्ग प्रशासनाचं मार्गदर्शन सांगतं, आणि अपघातांतली घट १९ ते ४७ टक्के नोंदवली गेली आहे. वळणारं वाहन थांबलं की मागची अख्खी लेन थांबायची, ते बंद होतं. चार लेन असूनही प्रत्यक्षात अडीचच चालत होत्या, हे तेव्हा कळतं.

बसची लेन तर रिकामीच दिसते. ती जागा वाया जात नाही का?

दिसते रिकामी. मिनिटाला एक बस आणि प्रत्येकीत ६० माणसं धरली तर त्या लेनमधून तासाला ३,६०० माणसं जातात. पण कडेला उभं राहून बघणाऱ्याला बहुतांश वेळ मोकळं डांबरच दिसतं, आणि शेजारची खचाखच भरलेली लेन ‘कामाची’ वाटते. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार मिश्र वाहतुकीची एक लेन तासाला ६०० ते १,६०० माणसं नेते. तेवढ्याच रुंदीची बसची स्वतंत्र लेन ४,००० ते ८,००० आणि तेवढाच फूटपाथ ८,००० ते ९,०००.

टोरंटोच्या किंग स्ट्रीटवर हाच हिशेब मांडला गेला. त्या रस्त्यावरच्या ट्रामने रोज सुमारे ६५,००० लोक जात आणि गाड्या होत्या २०,०००, तरी ट्राम गाड्यांच्या रांगेत अडकून पडायची. नोव्हेंबर २०१७ पासून तिथे गाड्यांना बहुतेक चौकांत सरळ जायला बंदी केली. गाडी रस्त्यावर येऊ शकते, दुकानापर्यंत जाऊ शकते, पण पुढच्या चौकात वळून बाहेर पडावं लागतं. २०१९ मध्ये ही व्यवस्था कायम झाली. लेन न वाढवता केवळ वळणांच्या नियमांवर हे झालं, म्हणून अरुंद रस्त्यांसाठी मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

एक अट मात्र आहे. तासाला चार-पाच बस येत असतील तर वेगळी लेन लोकांना पटवणं अवघड जातं, आणि ती गाड्यांनी व्यापली जाते. आधी फेऱ्या वाढवाव्यात. किंवा निदान चौकाजवळ बसला रांग ओलांडून पुढे येता येईल एवढी छोटी लेन आणि सिग्नलवर प्राधान्य द्यावं, म्हणजे बस आली की हिरवा लवकर मिळावा किंवा लांबावा.

बसची लेन कडेला असावी की मधोमध?

मधोमध असेल तर उभ्या गाड्या, दुकानांचे दरवाजे आणि डावीकडे वळणारी वाहनं या तिन्हींपासून सुटका होते. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ पासून आणि कोलंबियातल्या बोगोटाने डिसेंबर २००० पासून हेच केलं. बोगोटात थांब्यांजवळ मागची बस पुढे निघून जाईल अशी जादा लेन आहे, म्हणून तिथे एका दिशेने तासाला ४०,००० हून अधिक प्रवासी गेल्याची नोंद आहे.

पण मधोमध थांबा म्हणजे प्रत्येक प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडावाच लागणार. ते ओलांडणं सोपं नसेल तर सगळं फसतं. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा मार्ग मधोमध लेन देऊन सुरू झाला आणि २०१६ मध्ये तोडला गेला. बस आणि सायकलींना फायदा झाला होता. पण मोठ्या चौकांत सिग्नलचं आवर्तन (सगळ्या दिशांना एकदा हिरवा मिळण्याची पूर्ण फेरी) लांबलं, मोटारींच्या रांगा वाढल्या आणि लेनमध्ये घुसखोरी चालूच राहिली. बसने जाणाऱ्यांचा आवाज गाडीवाल्यांच्या आवाजापुढे टिकला नाही, हेही खरंच. त्याच सुमारास, २००९ मध्ये, अहमदाबादने मधोमधच लेन दिली, पण थांबे बंदिस्त, चढण्याआधी तिकीट आणि ठरावीकच बस असा बंदोबस्त ठेवला. मधोमध लेन दोन्ही शहरांत होती. फरक चौकांत आणि थांब्यांवर होता.

सायकलसाठी पांढरी रेघ पुरत नाही का?

नाही. रेघेवर गाडी उभी राहते आणि सायकलवाल्याला नेमकं वेगातल्या वाहनांमध्ये शिरावं लागतं. रेघ नसती तर तो निदान सावध तरी राहिला असता.

चांगला ट्रॅक म्हणजे किमान दोन मीटर रुंद, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या पुढे जाता येईल असा. मध्ये कर्ब (दगडी किंवा काँक्रीटची उंच कड) किंवा झाडांची पट्टी, आणि शेजारी गाड्या उभ्या राहत असतील तर दार उघडण्यापुरती पाऊण मीटर मोकळी जागा. हे कागदावर सगळेच लिहितात. सायकलवर बसल्यावर जाणवतात त्या गोष्टी वेगळ्याच: चेंबरचं झाकण डांबराच्या दोन सेंटिमीटर खाली, जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने, प्रत्येक गेटपाशी खाली-वर होणारा उतार, वळणावर अचानक उगवणारा विजेचा खांब. सायकलच्या चाकाला दोन सेंटिमीटरचा उभा कठडासुद्धा पाडायला पुरतो. तो तिरका करावा, म्हणजे चाक घसरत नाही. आणि पृष्ठभाग सलग, डांबराचा किंवा काँक्रीटचा. फरश्या सुंदर दिसतात, पण पेव्हर ब्लॉकवर रोज सायकल चालवून बघावी.

तुकड्यातुकड्याने बांधलेल्या ट्रॅकवर कुणी येत नाही. स्पेनमधल्या सेव्हिलने २००६ नंतर थोड्याच वर्षांत एकमेकांना जोडलेलं, कठड्याने वेगळं केलेलं जाळं उभारलं आणि सायकलींची संख्या अनेक पटींनी वाढली. आधी सायकलवाले येऊ द्या, मग ट्रॅक बांधू, हा युक्तिवाद तिथे निकालात निघाला.

चौकाचं काय? सगळे तिथेच तर अडकतात.

अडकतात, आणि जखमी होतात तेही बव्हंशी तिथेच. माझं मत विचाराल तर दोन चौकांमधला रस्ता कसाही आखा, प्रकल्पाचा निकाल चौकात लागतो. आकर्षक चित्रं मात्र नेहमी मधल्या भागाची काढली जातात, कारण ती काढायला सोपी. चौकापाशी येताच सायकल ट्रॅक विरतो, फूटपाथ गोल फिरून संपतो आणि बसची लेन ‘डावीकडे वळणाऱ्यांसाठी’ म्हणून सोडून दिली जाते.

कोपऱ्यापासून सुरुवात करावी. कोपऱ्याची गोलाई दहा-बारा मीटर त्रिज्येची असेल तर गाडी वेग न तोडता वळते, आणि पायी माणसाला ओलांडायचं अंतरही वाढतं. तीच तीन ते पाच मीटर केली की चालक आपोआप हळू होतो. मोठ्या बसला किंवा ट्रकला वळायला जागा लागते हे खरं. त्यासाठी मागचं चाक चढू शकेल अशी बुटकी, खडबडीत कड कोपऱ्याला द्यावी. मोटारी तिच्यावर जायचं टाळतात. सिग्नल टाळून डावीकडे निघून जाणारी वेगळी वाट असेल तर ती बंद करावी. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने ती चौकातली सगळ्यात वाईट जागा, कारण तिथे चालकाची मान उजवीकडे आणि माणूस त्याच्या डावीकडे.

नेदरलँड्समधल्या चौकांत सायकल ट्रॅक आणि गाड्यांची लेन यांच्या मध्ये कोपऱ्यावर एक छोटं बेट असतं. त्यामुळे वळणारी गाडी आधी जवळजवळ पूर्ण वळते आणि मग सायकलच्या वाटेला येते. तोवर चालकाला सायकलवाला खिडकीतून समोर दिसतो, आरशात शोधावा लागत नाही. गाडीला एकटीला उभं राहण्यापुरती जागा मिळते आणि मागच्याचा हॉर्न वाजण्याआधी ती थांबू शकते. गाड्यांची थांबरेषा सायकलींच्या मागे काही मीटर घेणं, पायी चालणाऱ्यांना गाड्यांच्या आधी तीन ते सात सेकंद हिरवा देणं, हे तर रंग आणि सिग्नलच्या सेटिंगवर होतं. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी इथून सुरुवात करावी.

आता सेकंदांचा हिशेब. सिग्नल आखताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याचा रिवाज आहे. १४ मीटर ओलांडायला १२ सेकंद. पण काठी घेऊन चालणाऱ्या माणसाचा वेग ०.८ असेल तर त्याला साडेसतरा सेकंद लागतात, म्हणजे हिरवा संपतो तेव्हा त्याचं चार मीटरहून जास्त अंतर उरलेलं असतं. यावर दोन उपाय आहेत: हिरवा वाढवणं, किंवा ओलांडायचं अंतरच कमी करणं. दुसरा जास्त चांगला. लेन ३.५ ऐवजी ३.१ मीटरची केली आणि मध्ये थांबायला दोन मीटरचं बेट दिलं की एका दमात ओलांडायचं अंतर निम्म्याहून खाली येतं आणि सिग्नलचं आवर्तनही छोटं ठेवता येतं. आवर्तन छोटं झालं की बसही कमी थांबते. इथे पायी चालणारा आणि बस यांचं हित एकच आहे.

बसथांब्यावर सायकल आणि उतरणारे प्रवासी एकमेकांवर आदळणार नाहीत?

सायकल ट्रॅक थांब्याच्या मागून न्यावा. म्हणजे थांबा बेटासारखा होतो: एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला ट्रॅक. बेट किमान अडीच मीटर रुंद हवं, नाहीतर गर्दी ट्रॅकवर सांडते. प्रवासी जिथून ट्रॅक ओलांडतात तिथे ट्रॅक फूटपाथच्या उंचीला चढवावा आणि अलीकडे किंचित अरुंद करावा. सायकलवाला आपसूक हळू होतो. अंध व्यक्तींच्या संघटनांनी अशा थांब्यांबद्दल अनेक देशांत तक्रारी केल्या आहेत. त्या रास्त आहेत, कारण सायकलचा आवाज येत नाही. म्हणून ओलांडायची जागा एकच, तिथपर्यंत पायाला जाणवणारी फरशी, आणि थांबायचं सायकलने.

आणखी एक फायदा असा की बसला लेन सोडून कडेला शिरावं लागत नाही. आत घेतलेल्या थांब्यातून परत बाहेर पडताना कुणी वाट देत नाही, आणि तिथे प्रत्येक थांब्यावर काही सेकंद जातात. थांबा शक्यतो चौक ओलांडल्यावर असावा, म्हणजे सिग्नलचं प्राधान्य कामाला येतं.

हे सगळं एका रस्त्यात मावतं का?

३० मीटरमध्ये मावतं. प्रत्येक बाजूला फूटपाथ २.८, झाडं आणि खांबांची पट्टी १.५, सायकल ट्रॅक २.०, कठडा ०.८, बसची लेन ३.४, गाड्यांची लेन ३.१. दोन्ही बाजू मिळून २७.२ मीटर झाले. उरलेल्या २.८ मध्ये दुभाजक आणि ओलांडताना थांबायची जागा.

२४ मीटरमध्ये झाडं किंवा बसची लेन यांपैकी काहीतरी सुटायला लागतं. १८ मध्ये तर निवड करावीच लागते: गाड्या एकेरी, किंवा किंग स्ट्रीटसारखी वळणबंदी, किंवा सायकल समांतर गल्लीत. यातलं काहीच न निवडता सगळ्यांना थोडं थोडं दिलं, तर सव्वा मीटरचा फूटपाथ आणि एक मीटरचा ट्रॅक तयार होतो, आणि त्यांवरून कुणीच जात नाही.

पार्किंग गेलं तर दुकानदारांचा धंदा बसेल ना?

भीती समजण्यासारखी आहे, आणि तिला हसून टाळू नये. पण गिऱ्हाईक कशाने येतं याचा दुकानदारांचा अंदाज सहसा चुकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका पाहणीत दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं. प्रत्यक्षात २२ टक्के येत होतं. दुकानासमोरची जागा बऱ्याचदा मालकाची किंवा कामगाराचीच गाडी दिवसभर अडवून बसते, हेही पाहणी केल्यावर उघड होतं.

मालाची चढउतार मात्र खरी गरज आहे. तिच्यासाठी ठरावीक अंतरावर खाचा आणि ठरावीक वेळा द्याव्यात. त्या दिल्या नाहीत तर माल उतरवणारा टेम्पो बसच्या लेनमध्ये उभा राहणार, आणि दोष त्याचा नसेल.

वेग कमी करण्याचा एवढा आग्रह का?

चालकासमोर १३ मीटरवर अचानक मूल आलं असं धरा. ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर एक सेकंद भानावर येण्यात जातो, त्यात गाडी ८ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून ती पुढच्या सुमारे ५ मीटरमध्ये थांबते. वेग ५० असेल तर त्या एका सेकंदातच ती १४ मीटर गेलेली असते. म्हणजे ब्रेकवर पाय पडण्याआधीच धडक, आणि तीही पूर्ण वेगाने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. पाटी लावून वेग कमी होत नाही. अरुंद लेन, उंचावलेली क्रॉसिंग आणि लहान गोलाई यांनी होतो.

पादचारी पूल बांधला तर?

खालून मोठं वाहन जायला साडेपाच मीटर मोकळी उंची, वर स्लॅबची जाडी, म्हणजे चाळीसच्या आसपास पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. लोक खालूनच जातात. पूल बांधून गाड्यांची सोय होते.

अंध आणि व्हीलचेअरवरच्या लोकांसाठी नेमकं काय लागतं?

पायाला कळणारी, उंचवटे असलेली फरशी जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा बसली. आज ती जगभर दिसते, आणि बऱ्याच ठिकाणी थेट खांबावर नेऊन सोडते. रेघांची फरशी ‘चला’ सांगते आणि ठिपक्यांची ‘थांबा’. ती शोभेसाठी सगळीकडे पसरली की तिचा अर्थच जातो.

व्हीलचेअरसाठी उतार बारास एक (बारा मीटर लांबीला एक मीटर चढ), मोकळी रुंदी शक्यतो १.८ मीटर, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गेटांपाशी फूटपाथ सलग. गाडीने वर चढून फूटपाथ ओलांडावा. माणसाने दर वीस पावलांवर खाली उतरू नये.

अग्निशमन दलाची गाडी आणि रुग्णवाहिका कशी जाणार?

बसच्या लेनमधून. कोंडलेल्या चार लेनपेक्षा ती एक मोकळी लेन त्यांना बरी पडते. फक्त लेनच्या कडेला उंच सलग भिंत घालू नये.

खोदकाम आणि सांडपाण्याचं काम आधी की नंतर?

आधी. रस्त्याचा उतार, पाण्याची वाट, नळ, केबली हे ठरल्याशिवाय वरची एक फरशीही बसवू नये. कर्ब पुढे सरकला की पावसाचं पाणी गोळा होण्याची जागा बदलते आणि जुनी गटाराची जाळी मधेच कुठेतरी उरते. मग पाणी बरोबर झेब्रा क्रॉसिंगच्या तोंडाशी साठतं.

बसची लेन आणि विशेषतः थांबे काँक्रीटचे करावेत. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान घेतलेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून हे पुढे आलं की रस्त्याची झीज आसावरच्या (चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. दहा टनांचा आस पाच टनांच्या आसाच्या दुप्पट नव्हे, सोळापट झीज करतो. म्हणूनच थांब्यापाशी डांबर ढकललं जाऊन त्याच्या लाटा होतात. सायकलने होणारी झीज मोजण्याइतकीही नसते.

आधी रंग आणि कुंड्या लावून चाचणी घ्यावी का?

घ्यावी. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमधून जाणारा ब्रॉडवे रस्ता असाच रंग, पिंपं आणि घडीच्या खुर्च्या मांडून गाड्यांना बंद केला आणि नंतर तो पक्का बांधला. चाचणीत चुका स्वस्तात सापडतात. पण दोन पथ्यं आहेत. आधीची मोजणी करून ठेवावी, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? आणि चाचणी चौकासकट घ्यावी. चौक सोडून मधल्या भागात शंकू लावले तर कोंडी दिसेल, फायदा दिसणार नाही, आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळेल.

मोजताना वाहनं मोजू नका, माणसं मोजा. बसचा सरासरी वेग बघाच, पण त्याहून तिच्या वेळेतली अनिश्चितता बघा. रोज २५ मिनिटं लागणारी बस लोक पत्करतात. कधी १५ आणि कधी ४० लागणारी सोडून देतात. सायकलवर शाळकरी मुलं आणि वयस्कर माणसं दिसायला लागली का, हाही एक मोजण्यासारखा आकडा आहे.

उद्घाटनानंतर सगळ्यात आधी काय बिघडतं?

खांब. फूटपाथच्या तोंडाशी गाड्या अडवायला लावलेला एक खांब कुणाच्या तरी धक्क्याने तुटतो, आठवड्यात बदलला नाही की तिथून पहिली दुचाकी आत येते, मग मोटार. त्यानंतर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, तेही चाकं जिथून जातात तिथेच आधी. मग कुणीतरी केबलसाठी चर खणतं आणि सायकल ट्रॅक खडी टाकून बुजवतं.

म्हणून कंत्राटातच लिहून घ्यावं: खांब आणि फरश्यांचा जादा साठा, तुटलेलं बदलायची मुदत, खणणाऱ्याने ट्रॅकच्या पूर्ण रुंदीचा थर परत करायची अट, आणि ट्रॅकमध्ये मावेल असं झाडू मारण्याचं यंत्र. शेवटचं कुणालाच आठवत नाही. ट्रॅकच्या कठड्याआड काचा आणि पालापाचोळा साठतो, मोठं यंत्र आत शिरत नाही, आणि पंक्चर झालेला माणूस दुसऱ्या दिवशी परत गाड्यांच्या लेनमधून जायला लागतो.